बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव

नातीचं पहिलं बाळंतपण माझ्या लेकीच्या घरी, नांदेडला झालं. शेक-मालिश करायला मला कंधारजवळच्या गावाहून बोलावून घेतलं. तोवर मी अकरा बाळंतपणं निभावली होती, सगळी धड. हे बारावं. त्यात मी नातीला आणि तिच्या सहा दिवसांच्या मुलीला मारून टाकणार होते. घरात आता कोणी ही गोष्ट जावयाच्या नावावर सांगतं, कोणी माझ्या. दोन्ही अर्ध्या आहेत, म्हणून लिहिते आहे.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाळंतिणीला दिलेली खोली मागच्या बाजूची. तिला एकच खिडकी, ती बाल्कनीत उघडते. घर घेतलं तेव्हा बाल्कनी मोकळी होती. मग जावयाने तिला खालपासून वरपर्यंत काचा लावून घेतल्या. कबुतरं घाण करायची, रस्त्याची धूळ यायची, हे खरंच होतं. काचा लागल्यावर तिथे कपाट आलं, कपडे धुवायचं मशीन आलं. म्हणजे खोलीची खिडकी उघडली तरी ती दुसऱ्या बंद खोलीतच उघडायची. मी आल्या दिवशी हे पाहिलं आणि मला बरंच वाटलं. बाळंतिणीला वारा लागायला नको.

गावाकडे आमची घरं मातीच्या छताची, माळवदाची. बाळंतिणीच्या खोलीचं दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या तरी छताला सवणं असायचं, हातभर चौकोनी भोक. उजेड आत यायचा, धूर बाहेर जायचा. शेक कसा द्यायचा हे मला सासूने शिकवलं, त्यात सवण्याचं नाव कधी निघालं नाही. ते घराचंच होतं, त्याच्याकडे कोण बघतं?

लेकीच्या घरातला पलंग खालून पेटीसारखा बंद. त्यातून ऊब वर येत नाही. मी हट्ट करून गावाहून सुंभाची बाज आणि लोखंडी शेगडी मागवली. कोळसे गच्चीवर पेटवायचे, धूर पूर्ण जाईपर्यंत फुंकायचे, लालभडक झाले की खाली आणून बाजेखाली सरकवायचे. धूर नाही म्हणजे त्रास नाही, अशी माझी पक्की समजूत.

लेक म्हणाली होती, "माय, डॉक्टरनं शेगडी नको म्हणलंय. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक म्हणले."

"तू झालीस तवा मला डॉक्टरनं शेकलं व्हतं का?"

"तवाचं घर येगळं व्हतं, माय."

"घर येगळं, हाडं तीच."

आदल्या दिवशी पाचवी पुजली होती. त्या सकाळी गारठा होता. नातीला तेल लावलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, बाजेवर निजवलं. बाळ तिच्या कुशीत. खिडकी लावली, दार लावलं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. रोजच्यापेक्षा कोळसे जास्त घेतले होते. मी शेगडीजवळ खाली बसले.

थोड्या वेळानं नात म्हणाली, "आजी, डोकं लई दुखायलंय."

"मोबाईल बघून दुखायलंय ते."

"मोबाईल तर तूच लपवून ठेवलास की कालपासून. खिडकी उघड ना जरा. मळमळायलंय."

"उघड म्हणं! उद्या कंबर धरली की मलाच बोलशील. पड गप."

ती गप पडली. बाळ कुरकुरत होतं, तेही थांबलं. मी म्हणाले, "बघ, ऊब लागली की लेकरू कसं निवांत झालं." नातीनं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, डोळा लागला. गाल लाल दिसत होते. मला वाटलं, तेज आलं.

कोळसे हलवायला चिमटा उचलला, तर तो हातातून पडला. पुन्हा उचलायला गेले, बोटं मिटेनात. कपाळात ठोके पडत होते. तेव्हा मला पेव आठवलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. माझ्या लहानपणी शेजारचा एक माणूस पेव उघडल्या उघडल्या आत उतरला. तो ओरडला नाही, धडपडला नाही. दमल्यासारखा भिंतीला टेकून बसला. वर काढला तेव्हा संपला होता. आणि पेवात धूर नव्हता.

मी नातीला हाक मारली. हलवलं. मान एका बाजूला गेली.

लेकीला ओरडले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. आधी कोणाला उचलावं हे ठरवण्यात वेळ गेला. किती गेला ते सांगता येणार नाही. मी बाळाला घेतलं. अंग ओल्या फडक्यासारखं सैल. दार ओढलं तर टॉवेलात अडकलेलं. खांद्याला बाळ धरून दुसऱ्या हातानं हिसका दिला, दार उघडलं, आणि मी भिंत धरत धरत जिन्यात आले. जिन्याला बाहेरून नुसती जाळी आहे.

लेक मागे धावली. "माय, काय झालं?"

"माझ्याकडं बघू नको. तुझ्या लेकीला भाईर वड!"

लेकीनं आणि समोरच्या घरातल्या बाईनं नातीला गोधडीसकट फरफटत आणलं. मी बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते. काही नाही. पुन्हा मारल्या. तिनं तोंड वाकडं केलं. रडली नाही.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर आमच्याकडे वळला. "कोळसा कोणी ठेवला?"

लेक खाली बघत होती. मी म्हणाले, "मी."

"वय काय तुमचं?"

"वयानं न्हाई ठेवला, हातानं ठेवला. दार-खिडकी बी मीच लावली."

मग तो रागावला नाही. कोळशातून एक वायू निघतो, म्हणाला, त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो आणि रक्तात हवेची जागा घेतो. नात दुपारी उलटी करून शुद्धीवर आली. बाळ त्यानंतर रडलं. डॉक्टर म्हणाला, वाचली, पण वाढ नीट होते का ते महिनोन्‌महिने बघत राहावं लागेल.

संध्याकाळी जावई माझ्यासमोर उभे राहिले. "मामी, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं..."

"शेगडी माझी. काचा तुमच्या. माझं मी डॉक्टरसमोर कबूल केलं, तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावून त्यांनी बाल्कनीच्या समोरच्या काचा काढून टाकल्या. कबुतरं लगेच आली.

माय-लेकी घरी आल्या तेव्हा मी हात पुढे केले. नात म्हणाली, "आजच्या दिवस हात लावू नको तिला." मी बरं म्हणाले. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच मुलगी माझ्या पायांवर दिली.

आता मी खिडकी उघडी ठेवून मालिश करते. शेक पिशवीनं देते. मुलगी रडत असली की काही वाटत नाही. झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. काल नात म्हणाली, "आजी, झोपू दे की तिला."

मी बोट काढलं नाही.