मी सिडकोला उतरले

मंगलला घेऊन मी पिशोरहून निघाले, तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून तिनं तो सबंध रस्ताभर मांडीवर दाबून धरला होता. एसटी सुटेपर्यंत काकू, म्हणजे मंगलची आई, खिडकीखाली उभी राहून एकच गोष्ट घोकत होती. "शोभे, तुझ्या जिवावर पाठविते बरं पोरीला. तुझ्या जिवावर." मी म्हणाले, "व्हय गं काकू, किती वेळा सांगशील?" मला तेव्हा हसू येत होतं. शहरात एक वर्ष काढलं होतं ना, शिंगं फुटली होती मला.

मंगल माझी चुलत बहीण, दोन वर्षांनी धाकटी. काका लवकर गेले, तेव्हापासून तिचंही सगळं माझे वडीलच ठरवायचे. त्यांना आम्ही दोघी अण्णा म्हणायचो. मी शहरात तंत्रनिकेतनला डिप्लोमा करत होते. शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलंय, पण पिशोरची माणसं तेव्हाही नुसतं शहरच म्हणायची, आजही तेच म्हणतात. मंगलला नर्सिंगला जायचं होतं. अण्णा तयार नव्हते. "एक पोरगी पाठवली तेवढी बास झाली," म्हणायचे. त्यांना वळवलं ते मी, आणि कशानं वळवलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी नवीनच गेले होते तेव्हाची गोष्ट. माझी खोली मुकुंदवाडीला. जालना रोडवर शेअर रिक्षा चालायच्या, मागं तीन-चार माणसं, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी एखादा, अशा कोंबून. एकदा संध्याकाळी रिक्षात सगळे पुरुष, मी, आणि बुरख्यातली एक वयस्कर बाई. सिडकोचा चौक आला. तिचं घर तिथंच असावं. पिशवी सावरून ती उतरायला निघालीच होती. माझ्याकडं पाहिलं आणि परत बसली. मुकुंदवाडीपर्यंत आली, माझ्यासोबत उतरली, आणि रस्ता ओलांडून उलट्या रिक्षाला हात करू लागली. मी विचारलं, आपा, तुम्ही तर मागंच उतरणार होतात? तर म्हणाली, "अकेली पोरी को छोड के कैसा उतरूं बेटा?"

मग माझ्या ध्यानात आलं की हे सगळ्याच बाया करतात. कंपनीतून येणाऱ्या, भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या. रिक्षात शेवटची एकटी बाई राहत असेल तर दुसरी बाई उतरत नाही. उतरावंच लागलं तर तिला घेऊन उतरते. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. ही गोष्ट मी अण्णांना तिखटमीठ लावून सांगितली. "अण्णा, तिथल्या बाया अनोळखी पोरीला सोडत नाहीत, मी तर हिची बहीण आहे." अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "जा. पण दोघी संगं जायचं, संगं यायचं. जी दुसरीला सोडून एकटी फिरली, तिचा गाशा गुंडाळीन."

अशी आली मंगल. आणि खरं सांगते, आल्यावर चार महिन्यांतच मला तिची लाज वाटायला लागली. ती रिक्षात मोठ्यानं बोलायची. दोन वेण्या, त्याला लाल रिबिनी. "ताई, लई गर्दी हाय गं" असं ओरडली की माझ्या वर्गातल्या पोरी तोंडावर रुमाल धरायच्या. मी त्यांच्यासारखं 'आहे', 'नाही' बोलायला शिकले होते, आणि ही माझ्याशेजारी बसून माझं सगळं बिंग फोडायची.

तो दिवस थंडीतला. सहा-साडेसहाची वेळ, पण अंधारून आलेलं. मंगल भलतीच खुशीत होती. त्या दिवशी वॉर्डात पहिल्यांदा तिच्या हाती सुई दिली होती. एका म्हातारबाला इंजेक्शन टोचलं होतं तिनं. "ताई, माझा हात असा लटलट कापायला, अन् ते म्हातारबा मलाच म्हणतंय, भिऊ नको लेकी—" इतकं तिनं सांगितलं आणि सिडकोचा चौक आला. चौकात माझ्या वर्गातल्या तिघी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, हात केला. पाणीपुरीचा बेत होता. आता मंगलला घेऊन उतरायचं, तर ती तिथंही लई-लई करणार. मी तिला म्हणाले, "तू हो पुढं. मी आलेच." ती म्हणाली, "ताई, मी बी येते ना." मी म्हणाले, "दहा मिनिटांचा तर रस्ता आहे, लहान आहेस का आता?"

रिक्षात मागं दोन माणसं होती, पुढं एक. बाई एकही नव्हती. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून बघितलं, पण मी उतरताना मागं वळून पाहिलं होतं.

मुकुंदवाडीला रिक्षा थांबलीच नाही. मंगल थांबा म्हणाली, तर ती माणसं हसायला लागली. एकानं ओढणी धरली. चिकलठाण्याच्या अलीकडं गतिरोधकावर रिक्षा जरा हळू झाली तेव्हा तिनं ओढणी सोडून देऊन बाहेर उडी टाकली. घोट्याचं हाड मोडलं, कोपर सोलवटलं. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या दोन बायांनी तिला उचललं, पत्ता विचारत खोलीवर आणलं. मी पाणीपुरी खाऊन, पदार्थविज्ञानाच्या मास्तरांची नक्कल करून, हसत-हसत परत आले, तर दारात ही गर्दी. घरमालकांनी तोवर पिशोरला फोनसुद्धा केला होता.

सकाळी सात वाजता दारात जीप उभी. अण्णा आणि काकू. तक्रार कुणी दिली नाही. रिक्षाचा नंबर कुणी पाहिला नव्हता. चौकशी झाली ती फक्त मंगलची. अण्णांनी एकच विचारलं, "एकटी कशी काय व्हतीस?" मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मीच आले एकटी. ताईचा क्लास व्हता."

आणि मी? मी मूग गिळून बसले. माझं दीड वर्ष बाकी होतं. बोलले असते तर अण्णांनी माझीही पेटी जीपमध्ये टाकली असती, शब्दाचे पक्के होते ते. काकू तिला बोलत होती, "कशापायी मरायला एकटी निघालीस गं कैदाशिणी?" आणि मी तिथंच उभी राहून मंगलचे कपडे पेटीत भरत होते. लाल रिबिनीसुद्धा मीच घड्या घालून ठेवल्या.

पाय बरा झाला तसं तिला सिल्लोडला दिलं. मी डिप्लोमा केला, वाळूजच्या एका कंपनीत लागले, लग्न करून सिडकोतच राहिले. आता आमची गॅलरी त्याच चौकाच्या बाजूला उघडते, ही देवाची काय मस्करी म्हणायची! वीस वर्षं मी कंपनीच्या बसनं जाते-येते. बसमधल्या नव्या पोरींना ताठ मानेनं सांगते, एकटीला सोडून उतरू नका. सांगताना मन आतून खात असतं. दर दिवाळीला मंगल भेटायची, तिच्या हातचे अनारसे द्यायची, आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, माझ्या बहिणीनं माझ्यासाठी केवढा त्याग केला म्हणून. असा मी त्या गोष्टीला छान रंग देऊन ठेवला होता.

मागच्या जूनपर्यंत. मंगलच्या लेकीला, साक्षीला, इथं फार्मसीला प्रवेश मिळाला. तिनं माझ्याकडं राहायचं ठरलं. पण मंगलच्या नवऱ्याचं मन होईना. पिशोरच्या घरी सगळे जमले होते. अण्णा आता ऐंशीच्या घरातले, तरी शेवटचा शब्द त्यांचाच. साक्षी खाली मान घालून बसली होती, मंगल भाकरी थापत होती. अण्णा जावयाला म्हणाले, "तुमचं बी खरंच हाय. हिच्या आईचं काय झालं? एकटी फिरली अन् पाय मोडून घेतला. गुण उतरत्यात पोरीत."

परातीवरचा मंगलचा हात थांबला. मला कुठून बळ आलं देव जाणे. मी म्हणाले, "अण्णा, मंगल एकटी फिरत नव्हती. मी तिच्यासोबत होते. मी सिडकोला उतरले, मैत्रिणींसाठी. रिक्षात एकही बाई नव्हती, ते बघून उतरले. अन् दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा गप बसले."

तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी हललं नाही. अण्णा फक्त "इतकी वर्षं?" म्हणाले आणि उठून ओसरीवर गेले. थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "पोरीला पाठवा." माझ्याशी मात्र दोन महिने बोलले नाहीत.

मला वाटलं, मंगल आता माझ्या गळ्यात पडेल. भांडी घासताना मी तिच्याजवळ गेले, म्हणाले, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस मंगल, मला वाचवलंस." तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुला वाचवायला नव्हते बोलले ताई," ती म्हणाली. "मी म्हणले मी एकटी व्हते, तवा मला वाटलं, आता तू म्हणशील, नाय, मी व्हते संगं. म्हणून तर तुझ्याकडं बघितलं. जीप चालू होईपस्तोर वाट बघितली मी." एवढं बोलून ती पुन्हा पातेलं घासायला लागली. वीस वर्षं मी ज्याला त्याग म्हणत होते ते हे होतं! मी तिथंच मोरीच्या काठावर बसून लहान पोरासारखी रडले. तिनं मला उगी केलं नाही. का करावं?

साक्षी आली. आईसारखीच मोठ्यानं बोलते, मी तिला कधी हळू बोल म्हणत नाही. गेल्या महिन्यात दुपारी चारला कंपनीत तिचा फोन आला. "मावशी, रिक्षावाल्यानं भलताच रस्ता धरला. थांब म्हणलं तर थांबेना. मी ओरडले लई, तर दोन बायांनी स्कूटी आडवी घातली. उतरले मी. नंबर घेतलाय, पोलिसांना फोन केलाय, त्या दोघी माझ्याजवळच थांबल्यात." मी तशीच साहेबांना सांगून पळाले. घरी आल्यावर माझ्या कुशीत शिरून तिनं काय म्हणावं? "मावशी, आईला सांगू नको हां. नायतर घरी बोलावून घेतील."

म्हटलं, पुन्हा अळीमिळी गुपचिळी? "आईलाच सांगायचं," मी म्हणाले, "आत्ता, माझ्यासमोर." मीच फोन लावून स्पीकरवर ठेवला. साक्षीनं सगळं सांगितलं. मग मंगलनं विचारलं, "लागलं का कुठं?"

"नाय."

"शोभाताई कुठंय?"

"इथंच बसलेय मंगल," मी म्हणाले. "तिच्याजवळच."

"बरं," ती म्हणाली. "साक्षे, उद्या कालेज हाय ना? मग सकाळी डबा घे अन् जा. बुडवू नको."

पिशोर माझं घर की सिडको, हे मला कुणी विचारलं तर मी आजवर काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून न्यायची. त्या संध्याकाळी वाटलं, जिथं असलं काही सांगितल्यावरही दुसऱ्या दिवशी जा म्हणतात, तेच घर. मंगलला ते तेव्हा मिळालं नाही. ते मोडणाऱ्यांत मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली जीप नव्हती. साक्षी डबा घेऊन उतरली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. चौकात रिक्षाला हात केला, आत दोन बाया बसलेल्या पाहिल्या, बसली, गेली. मी मंगलला फोन लावला. "गेली गं," म्हणाले. ती "हं" म्हणाली. फोन ठेवायच्या बेतात होती.

"मंगल," मी म्हणाले, "त्या दिवशी तू रिक्षात सांगत होतीस. म्हातारबाला पहिली सुई टोचलीस. पुढं काय झालं? रडलं का ते?"

पलीकडं तिनं चालू नळ बंद केल्याचं ऐकू आलं.

"ते कुठं रडलं ताई," मंगल म्हणाली. "मीच रडले."