मर्डो प्रिंगलचं नाक

मर्डो प्रिंगल म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. एडिनबरात आयुष्यभर बस चालवली आणि 'किल्ला कुठे आहे हो?' असं विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला 'मान वर करा' एवढंच उत्तर दिलं. बायको एल्स्पेथ गेल्यापासून तर तो बोळाच्या तोंडाशी दगडी पायरीवर बसून आल्यागेल्यावर नुसते डोळे वटारायचा.

मे महिन्यात एकदा चक्क ऊन पडलं आणि मर्डोला डुलकी लागली. टोपी राखाडी, कोट राखाडी, चेहराही त्याच रंगाचा. तेवढ्यात कॅलम नावाचा वाटाड्या हिरवी छत्री उंचावून पाहुण्यांचा कळप घेऊन आला. ज्याचं नाक चोळलं की नशीब फळफळतं तो धातूचा कुत्रा पुढच्या वळणावर आहे, असं तो सांगत होता. मागे रेंगाळणाऱ्या एका बाईंनी अर्धंच ऐकलं आणि मर्डोचं नाक चोळलं.

"अगं बाई, हे गरम आहे!"

नेमकी तेव्हाच किल्ल्यावरची रोजची दुपारी एकची तोफ धडाडली. पाहुणे दचकून उडाले. मर्डो जागा झाला होता, पण जागचा हलला नाही. तोफेला दचकेल तो एडिनबराचा कसला! झालं, पुतळाच तो, अशी सगळ्यांची खात्री पटली.

"उन्हानं तापलाय," कॅलम म्हणाला, आणि रांग लागली.

एरवी मर्डोने आकाशपाताळ एक केलं असतं. पण एल्स्पेथनंतर न्हाव्याखेरीज कुणी त्याच्या तोंडाला हात लावला नव्हता. त्याला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"नाक का रे एवढं लाल?" संध्याकाळी समोरच्या घरातल्या सेंगा नावाच्या शेजारणीने विचारलं.

"ऊन लागलं."

"एडिनबरात?"

पुढे तो रोज दाढी करून पायरीवर बसू लागला. एकदा भर रांगेत शिंक आली. कॅलमने तोंडाला येईल ते ठोकून दिलं, "हा शंभर वर्षांतून एकदाच शिंकतो!" दुसऱ्या दिवशी रांग पार चर्चपर्यंत गेली.

मग जुनी शिल्पं जपणारी कुठलीशी समिती आली. त्यांनी मर्डोच्या गुडघ्यावर टकटक केलं, नाक झिजत चालल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि भोवती दोर बांधून पाटी लावली: हात लावू नये.

पाहुणे लांबूनच फोटो काढून जाऊ लागले. पुतळ्याने तक्रार करायची तरी कुणाकडे? मर्डो दोराच्या आत बसून राहिला. आठवडाभर कुणाचं बोट लागलं नाही. एका दुपारी माशी आली, सरळ नाकावर बसली. मर्डोने तिला हाकललं नाही.

चिप्सचा पुडा घेऊन चाललेली सेंगा थबकली.

"माशी चालते वाटतं तुला?"

सेंगाने दोर उचलला, वाकून आत शिरली, त्याला ढकलून पायरीवर जागा केली आणि माशी उडवली. मग आंबट सॉसचा वास येणारा आपला तळवा तिने त्याच्या नाकागालावर ठेवला.

"पुतळ्याला हात लावायला बंदी आहे," मर्डो ओठ न हलवता पुटपुटला. "आणि हात गार आहेत तुझे."

"काढू?"

"काढ म्हटलं का मी?"