भिंतीतली अन्नपूर्णा

झाशीच्या कॉलेजात मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. माझं यंत्र असं तयार होतं, की इलाइट चौराह्यावर उभं केलं असतं तर समोशात बटाटा किती नि मटार किती, हे न फोडता सांगितलं असतं. चुलतबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र समोशाहून मोठं काम निघालं.

तिची आई, म्हणजे माझी काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूची माहेरची चांदीची अन्नपूर्णा आत्याने चोरांच्या भीतीने प्रेम नगरच्या घरातल्या भिंतीत चिणली, आणि कुठल्या भिंतीत ते साफ विसरली. नवरी हटून बसली, "गौरीहरापुढे बसेन तर आईचीच अन्नपूर्णा घेऊन. बाजारातली नको."

काकांनी पहार उचलली. "सगळ्या भिंती फोडतो!"

"मग वऱ्हाड काय ढिगाऱ्यावर बसवता?" म्हणत मी यंत्र रिक्षात घालून आणलं. पितळी कर्णा भिंतीशी धरायचा नि लहरी आत सोडायच्या. कोरड्या विटांतून त्या आरपार जातात, धातूवर आपटून परत येतात. खडूने भिंतीवर चौकोन आखून कर्णा फिरवत गेलो. देवघरामागच्या भिंतीशी येताच यंत्राच्या पडद्यावर लख्ख पांढरा ठोकळा उमटला!

"हा तर डबा," काका म्हणाले. "मूर्ती दाखव की."

"धातूच्या आत लहर शिरत नाही, काका."

"वा रे प्रोफेसरसाहब! आणि आत गवंड्याचे खिळे निघाले तर?"

नवरीचा चेहरा उतरला. मी आत्याकडे वळलो.

"आत्या, अन्नपूर्णा कधी तांदळाशिवाय ठेवशील?"

"मेल्या, उपाशी ठेवू तिला?"

"मग भिंतीत ते तांदूळ उंदरांपासून कशात राखलेस?"

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई! स्टीलच्या डब्यात!"

"फोडा काका. इथेच, ताटाएवढं."

डबा निघाला. नवरीने तो मांडीवर घेतला, किड्यांनी पीठ केलेल्या तांदळात हात घातला आणि काळी ठिक्कर पडलेली अन्नपूर्णा वर काढली. चिंचेने घासायलाही तिने कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दारात बँड असा कडाडला, की दूरवरच्या चिरगाँवच्या बसगाड्या जागच्या जागी थांबल्या असतील. नवरी आत मूठमूठ तांदूळ वाहत आईशी काहीबाही बोलत होती. मुहूर्त गाठायला काका तिला उठवायला गेले, आणि तिच्या शेजारीच बसून राहिले.