गुडघ्यातली ऊब आणि बिस्किटाचा डबा

“आजी, तुमच्या गुडघ्यात जंतू आहेत,” असं म्हणून डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावरची रेघ सरळ जाता जाता एकदम चढली होती. आजाराचं नाव सेप्टिक आर्थ्रायटिस, म्हणजे जंतूंमुळं सांध्यात झालेला पू. वेळेत धुतला नाही तर सांधा कायमचा जातो. मला भीती वाटलीच, पण लाज त्याहून जास्त वाटली. दोन दिवसांपूर्वी हीच रेघ सपाट होती, आणि ती माझ्यामुळं सपाट होती.

तुमचा गुडघा असा अचानक सुजला तर माझ्यासारखं करू नका, म्हणून हे लिहितेय.

मी गुलमंडीजवळच्या गल्लीत राहते. तरुणपणी माझा हात म्हणजे गल्लीचा थर्मामीटर. कपाळाला लावायचा आणि निकाल द्यायचा. आमच्या ह्यांना टायफॉइड झाला तेव्हा “काही नाय, उन्हानं तापलेत” म्हणून मी त्यांना दुकानावर पाठवलं होतं. काय तोरा होता बाईचा! त्याच तोऱ्यात मी बिस्किटाचा एक डबा भरायला घेतला. कुणाच्याही आजारपणात उरलेल्या गोळ्या त्यात जायच्या आणि गरजेला गल्लीभर वाटल्या जायच्या.

सून वैशालीनं बजावलं होतं, “आई, परत डबा दिसला तर थेट कचऱ्याच्या गाडीत.” मी तो तांदळाच्या कोठीत लपवला.

गुडघा एका सकाळी खरबुजासारखा फुगला. हात लावला तर गरम. मुलाच्या दाढेच्या वेळच्या कॅप्सूल डब्यात होत्या. चार दिवस गुपचूप घेतल्या. ठणका थोडा कमी झाला, सूज तशीच. शेवटी वैशालीनं रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. त्याला सायनोव्हियल फ्लुइड म्हणतात, म्हणजे सांध्याचं वंगण. माझं गढूळ होतं.

“याआधी काही अँटिबायोटिक घेतलं का? जंतू मारणारं औषध?”

वैशाली शेजारीच उभी. “नाय बा,” मी म्हणाले.

थोडं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली गेलं, थोडं कल्चरला. कल्चर म्हणजे जंतू वाढतात का बघणं. त्याला दिवस लागतात. उरलेलं, माझी सही घेऊन, एका नव्या अभ्यासासाठी. तिथं कॅलोरिमेट्री करतात, म्हणजे ऊब मोजतात. बाटली यंत्रात बंद करायची. जंतू जिवंत असले तर वाढताना ऊब सोडतात आणि पडद्यावरची रेघ चढते.

“मी हात लावून सांगू का?” मी विचारलं.

डॉक्टर हसले. “आजी, ही ऊब कुणाच्याच हाताला कळत नाही.”

तीन दिवस रोज येऊन बाकावर बसून काढले. सूक्ष्मदर्शकात पाण्यातल्या पेशी वाढलेल्या दिसल्या, पण त्या वातानंही वाढतात. कल्चर कोरं. यंत्र थंड, रेघ सपाट.

“वाताचीच सूज दिसते. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ,” डॉक्टर म्हणाले. सुई भरली आणि थांबले. “परत एकदा विचारतो. काही गोळ्या घेतल्या होत्या? आत जंतू दबून बसले असतील तर या औषधानं ते माजतील.”

मी वैशालीकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे.

“घेतल्या. चार दिवस. डब्यातल्या.”

“आई! तो डबा अजून हाय?” वैशाली एवढ्या मोठ्यानं ओरडली की सिस्टर धावत आल्या.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. रागावले नाहीत. “बरं झालं बोललात. गोळ्या बंद. इथंच भरती व्हा, आम्ही लक्ष ठेवतो. परवा परत पाणी काढू.”

दुसरी बाटली सकाळी यंत्रात ठेवली. दुपारी रेघ चढली. कल्चरचा निकाल नंतर आला, तोही तेच बोलला. पण तोवर दुर्बिणीनं, बारीक छिद्रांतून, माझा गुडघा धुऊन झाला होता. मग कित्येक आठवडे सलाइनमधून औषध.

आता काठी घेऊन मी गुलमंडीपर्यंत जाऊन येते. त्या यंत्राचे उपकार आहेतच. पण त्यालाही मी फसवलं होतं. दुसऱ्यांदा विचारणाऱ्या डॉक्टरांना फसवता आलं नाही, म्हणून पाय शाबूत आहे. तेव्हा जे गिळलंत ते सांगा, सून शेजारी उभी असली तरी सांगा.

वैशालीनं डबा रिकामा केला, घासला आणि शंकरपाळ्यांनी भरून माझ्या उशाशी ठेवला. वर चिठ्ठी चिकटवली आहे: जेवणानंतर दोन.

मी चार खाते. डॉक्टरांनी विचारलं तर सांगेन.