डावं कांगारूचं, उजवं म्हशीचं

“वाकडा चालू नकोस, अव्या! अरे पाय उचल, फरपटतोयस काय? माझ्या कांगारूचा खून पाडशील!”

ट्रुगानिना या उपनगरातल्या त्या एकसारख्या घरांच्या गल्लीत दिगंबर गराजच्या दारात खुर्ची टाकून ओरडत होता. मी समोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत होतो. तोंडाला मास्क, अंगात तीन स्वेटर आणि पायांत कोल्हापुरी चपला. इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडी अशी की एखादं बोट गळून पडलं असतं तर मला ते दुसऱ्या दिवशी मोजताना कळलं असतं. कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून म्हणाली, “यू राइट, मेट?” मी म्हणालो, “नो वरीज, सायन्स!”

त्या दिगूला जाऊन आता सहा आठवडे झाले. सकाळी सातला त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. त्या फक्त “अविनाश…” म्हणाल्या. मला कधी कोणी अविनाश म्हणत नाही. रात्री छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्समधून नेलं, वहिनींना हॉस्पिटलच्या दाराशीच थांबवलं. लॉकडाउनमुळे निरोप द्यायला दहा माणसांची परवानगी होती आणि मी अकरावा. गाडीत बसून सगळे विधी फोनवर पाहिले. दिगूच्या भाषेत सांगायचं तर अस्सल माणूस गेला आणि मला रेक्झिन मिळालं.

आमची ओळखही चामड्यातूनच झाली. शहरात त्याचं बॅगा, पट्टे, जाकिटं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. मी माझं लेदर जॅकेट घेऊन गेलो आणि सवयीप्रमाणे सांगितलं, की हे घालून मी वाघाशी कुस्ती खेळलोय. त्याने काखेतली उसवण उलटून पाहिली. “वाघ राहू दे. बसमध्ये वरचा दांडा धरलास तेव्हा फाटलंय हे. मेंढी आहे लेका. मऊ, दिसायला राजस, पण ताण सोसत नाही. तुझ्यासारखी.” मग त्याने तासभर मला शिकवलं. शेळीचं पातळ असूनही चिवट, हातमोजे आणि पाकिटं तिचीच करावीत. गाईचं सर्वगुणसंपन्न, पट्टा करा नाहीतर बूट. म्हशीचं जाड आणि हट्टी, तळव्याखाली तेच. आणि कांगारू! त्याचं नाव निघालं की दिगूचा आवाज खाली यायचा. कागदासारखं पातळ, पण ओढून बघ म्हणायचा, दोन बैल लावले तरी तुटायचं नाही. (बैल त्याचे दोनच होते. मी सांगताना आठ करतो.)

दिगूचे वडील, आबा, कोल्हापुरात पायताणं करतात. चपलेला ते पायताणच म्हणतात. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा म्हणून नाही. पोराने हातात चामडं टोचायची आरी धरू नये, शिकून साहेब व्हावं, म्हणून त्यांनी त्याला इकडे युनिव्हर्सिटीत पाठवलं. पोराने अकाउंटिंगची पदवी घेतली, घडी करून ट्रंकेत ठेवली आणि आरी धरली. आबा म्हणाले, “कातडंच कापायचं हुतं तर समुद्र कशाला ओलांडलास?” तेव्हापासून बापलेकांत खुशालीपलीकडे बोलणं नव्हतं.

लॉकडाउनमध्ये दुकान बंद झालं, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आली, आणि कुठलं कातडं जास्त टिकतं ते बघायला दिगूने गराजमध्ये कोल्हापुरी चपलांचा तो जोड केला. डावा तळ कांगारूचा, तीन थर एकावर एक शिवलेले. उजवा म्हशीचा, आबांच्या पद्धतीचा. वरचे पट्टे शेळीचे. आबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एकच अट घातली, “चालवलेला जोड आण. कोरं पायताण काहीबी बोलतंय. झिजलेलं बघू, मग बोलू.” सरहद्दी उघडल्या की पहिल्या विमानाने तो जोड घेऊन जायचं दिगूने ठरवलं होतं. पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला चालवत नव्हतं. त्याने मला विचारलं. मी म्हणालो, “रोज तासभर! पाच किलोमीटरच्या हद्दीत एक दगड सोडणार नाही!”

मी चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी अंगठ्याला फोड आला आणि सहाव्या दिवशी पाऊस. सातव्या दिवशी काहीच नव्हतं, तरी नाही गेलो.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, “किती झालं?” मी सांगायचो. साडेचार किलोमीटर, वाटेत साप आडवा आला, त्याला ओलांडताना उजवी टाच आपटली. पाच किलोमीटर, मॅगपाय डोक्यावर झडप घालून मास्क घेऊन गेला, आता तो पक्षी नियमाने फिरतोय. दिगू खो खो हसायचा आणि वहीत लिहायचा. महिना झाला तसा मी घाबरलो, कारण तळ कोरेच होते. मग एका दुपारी माझ्या घराच्या मागच्या अंगणात, बार्बेक्यूशेजारच्या विटेवर मी दोन्ही पायताणं घासली. दोन्ही अगदी सारखी, माझ्या मते फार हुशारीने.

मित्रहो, मी आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या तोंडाने. हाताने मारलेली ही एकच.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने जोड तपासायला मागितला. मी फाटकाबाहेर उभा राहून दिला. त्याने उलटा केला. मी मॅगपायची गोष्ट नव्याने रंगवत होतो, यावेळी तीन मॅगपाय होते. तो अंगठ्याखालच्या जागेवरून आपला अंगठा फिरवत राहिला… बराच वेळ. मग वही न उघडताच त्याने जोड परत दिला. “चालत राहा, लेका,” म्हणाला. ओरडला नाही. त्या फाटकाशी तो माझ्याशी न ओरडता बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. आठच दिवसांनी तो गेला.

आता मी रोज चालतो. हद्दीचा नियम उठलाय, पण मी त्याच पाच किलोमीटरमध्ये फिरतो. जोड दाराशी असतो. उजव्या तळाला अंगठ्याखाली खळगा पडायला लागलाय, डाव्याचा वरचा थर टाचेशी सुटलाय. म्हणजे तळाला म्हैसच, आबांचंच खरं असावं. हे दिगूला सांगितलं असतं तर त्याने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली असती. गराजचं दार बंद असतं. मी तिथून जाताना पाय उचलून टाकतो.

पण तेराव्याचं सांगायचं राहिलं. वहिनींनी लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. तिकडे कोल्हापुरात धाकट्या सुनेने आबांसमोर फोन धरला होता. दहाव्याला कुणीतरी छत्री आणि जोडे दान केले, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “आमच्या दिगूचा जोड तुमच्याकडं हाय न्हवं? दाखवा.”

मी दोन्ही तळ कॅमेऱ्यासमोर धरले आणि तोंड सुटलं, “आबा, इथून सिडनीपर्यंत जाऊन आलो असेन एवढं चाललोय…”

“अंगठ्याखाली दाखवा.”

मी दाखवलं. माणूस चालला की तिथे खोलगट होतं. माझं ताटासारखं सपाट होतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं. चार दिवस, फोड, वीट, सगळं. एकही मॅगपाय न घालता.

आबांनी विचारलं, “दिगूनं बघितलं हुतं का हे?”

“बघितलं होतं, आबा. पण ओरडला नाही. नुसता अंगठ्याखाली हात फिरवला, ‘चालत राहा, लेका’ म्हणाला आणि परत दिला.”

“मग त्याला कळलं हुतं.”