साचेखात्यातल्या खुणा

मुलगी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी मिलच्या साचेखात्यातून, म्हणजे मागांवरून, घरात शिरलो की ती दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करायची. पोर हट्टी आहे, असं मी धरून चाललो होतो. एकदा तिचे हात ओढून काढले आणि पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. हात परत कानांवर नेत राहिली. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवार पेठेजवळच्या एका शाळेत एक बाई दर रविवारी अशा मुलांच्या आईबापांची शिकवणी घेत. याला ऑटिझम म्हणतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. सत्तरच्या दशकात आमच्यात तो शब्द कुणाला ठाऊक होता? पहिला अभ्यास विचित्र होता. रोज अर्धा तास मुलीजवळ बसायचं, बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

पुढच्या रविवारी मी काय पाहिलं ते सांगू लागलो. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "अहो, हळू. मी समोरच बसलेय."

बायको म्हणाली, "ह्यांचं असंच हाय, बाई. मिलमधनं येताना साचं डोस्क्यावर घिऊन येत्यात. आमच्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना आदी कळतंय की!"

बाई हसल्या. मग मला म्हणाल्या, "मागांच्या त्या आवाजात एकमेकांशी बोलता कसं?"

"बोलतोय कुटं? खुणा करतो." मी करून दाखवल्या. धागा तुटला, जॉबरला म्हणजे मुकादमाला बोलाव, पाणी.

"मग घरीच का ओरडता? तिच्या कानांना ते सोसत नाही."

त्या धपाट्याची गोष्ट तिथं पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

त्या दिवसापासून घरी मी तोंड मिटलं. मुलगी मी मिलमधून आणलेल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या फरशीवर घरंगळवायची. सरळ जाणाऱ्या एकीकडे, वाकड्या दुसरीकडे. आम्ही मिलमध्ये खराब कांडी अशीच ओळखायचो. हे तिला कुणी शिकवलं? मी लांब बसून पाण्याची खूण करायचो, मूठ मिटून अंगठा ओठांशी, आणि पेला पुढे ठेवायचो. कितीतरी दिवस तिनं तिकडे पाहिलंच नाही.

एका संध्याकाळी तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, आणि तीच खूण केली. मी पाणी दिलं. ती प्यायली. पुन्हा खूण. पुन्हा दिलं. तिसरा पेला तिनं फरशीवर ओतला आणि परत अंगठा ओठांशी नेला. तिला तहान नव्हती. खूण दर वेळी चालते का, ते ती बघत होती.

बायको फडकं घेऊन आली. "आता पुरे की!"

मी चौथा पेला भरायला उठलो.