दाभोळचा अर्धा फोन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा त्यातल्या चुका काढते. सवयच आहे, सगळी नोकरी टेस्टिंगमध्ये गेली. त्यामुळे आधीच सांगते, अंगात येणं, अमावास्या, संकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. पण एक गोष्ट माझ्या हातून झाली आहे आणि तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

Y2K ची धांदल होती ते वर्ष. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. काम एकच... तारीख चुकली तर प्रोग्राम काय करतो ते बघायचं. धायरीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई आधीच गेली होती. बाबांनी पिंपरीच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतली आणि गोव्यात मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी माणसाकडून शिडाची बोट विकत घेतली. शेजारचे विचारायचे, "मुठेत चालवणार का?" बाबा म्हणायचे, "नाही, तुमच्या गच्चीवरच्या टाकीत."

बोट न्यायची होती हर्णैला, बाबांच्या आजोळी. सोबतीला वानखडेकाका. कारखान्यात बाबांच्या शेजारच्या मशीनवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. मूळचे अकोल्याचे, चाळिशीपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. बाबांबरोबर खडकवासल्याला शिडाची छोटी होडी शिकले आणि जे वेडे झाले ते झालेच.

महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा पसरलेला होता, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, त्यावर निघायचं आणि दुपारचे खारे वारे अंगावर यायच्या आत पुढचं बंदर गाठायचं, असा बेत. मालवण, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, मग हर्णै. मी ऑफिसात त्याचा तक्ता करून प्रिंट काढला. प्रत्येक बंदरातल्या कुणा ना कुणा दुकानदाराचा फोन नंबर बाबांनी मिळवला होता. बोट पोचली की तो मला कळवणार.

आता टेस्टिंगवाली बाई नंबर न तपासता सोडेल का? निघायला तीन आठवडे होते. रविवारी सकाळी मी धायरी फाट्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, कारण घरच्या फोनचं एसटीडी बाबांनी बंद करून टाकलं होतं. मालवणच्या चहावाल्याला म्हटलं, "आमची शिडाची बोट यायची आहे..."

"इली ना," तो म्हणाला. "निळ्या पट्ट्याची. चार दिवस झाले. दोघे होते. एकानं बिनसाखरेचो चाय मागितल्यान."

मला हसूच आलं. दुसरीच कुणाची तरी असेल. पण बाबांना डायबेटीस होता आणि पट्टा निळाच होता, हे डोक्यात राहिलं. विजयदुर्गचा किराणावाला म्हणाला, तीन दिवसांपूर्वी आली, शहाळी घेतली आणि पहाटे निघून गेले. जयगडच्या बूथवरच्या बाई म्हणाल्या, "परवा आली हो, बघते तर दोघं आहेत. एक आत झोपलेत, बरं नाही म्हणतात."

मी दाभोळच्या खानावळीचा नंबर फिरवला.

"काल आली, ताई. एकच माणूस होता वर. रडत होता हो. ते दुसरे..."

मी फोन ठेवून दिला.

मग हर्णैला लावला, तिथे बाबांच्या मामेभावाचं घर. नुसता वाजत राहिला. गोव्यात लावला, जिथे बोट ठेवली होती. तिथला माणूस म्हणाला, "बोट इथेच आहे मॅडम, डोलकाठी खाली काढून ठेवलीय, रंग ओला आहे." घरी आले तर बाबा पेपर पसरून मटार सोलत बसले होते. "लागले का फोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लागले."

सांगायला हवं होतं, कबूल. पण काय सांगणार? मी दुसरंच केलं. वानखडेकाकांना गाठलं आणि खोटं सांगितलं की बाबांचा ईसीजी वाईट आलाय, त्यांना समजलं तर खचतील, तुम्हीच काहीतरी करून त्यांना थांबवा. काकांनी थांबवलं. मालवणचा एक अनुभवी खलाशी घेऊन बोट मी आणतो, तू हर्णैला स्वागताला उभा राहा, म्हणाले. यामागे मीच असणार हे ओळखून बाबा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मी मनातून खूश होते. बाबा बोटीवर नाहीत म्हणजे संपलं.

काकांना सोडायला स्वारगेटला गेले होते. गोव्याची एसटी लागलेली होती. काका पायरीवरून वळले. "तुह्या बापाचा ईसीजी पायला म्या," ते म्हणाले. "चांगला हाये. तुले भेव वाटते, एवढंच ना? मंग तू बाप सांभाळ, बोट मी पायतो."

मला रडू फुटलं. पण त्या फोनांचं तिथेही सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे मालवणहून ऑफिसात फोन आला. तोच आवाज. "इली हो बोट. दोघे आसत. एकानं बिनसाखरेचो चाय मागितल्यान."

बाबा तर हर्णैला होते. मी विचारलं, "कुणी मागितला?"

"ते वयस्कर, अकोल्याकडचे."

मी वानखडेकाकूंना फोन लावला. काकूंनी आधी विषय बदलला. मग म्हणाल्या, "दोन महिने झाले, साखर निघाली त्यांना. कोणाले सांगू नको म्हणाले, नाहीतर तुझे बाबा बोटीवर नेणार नाहीत."

तेव्हा मला समजलं. एक झोपलाय म्हटल्यावर मी बाबाच धरून चालले होते. दोन माणसं होती, मी एकाचाच विचार केला.

विजयदुर्गला निरोप ठेवला, काहीही करून काकांना तिथेच उतरवून घ्या, त्यांच्या जिवाला धोका आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी किराणावाल्याचा फोन आला, आदल्या दिवशी त्याची लाइन बंद होती. "सांगितलं ना ताई. खूप हसले. म्हणाले, पोरगी लय लबाड हाये, आधी बापाचं सांगतलं, आता माह्यं सांगते." शहाळी घेऊन पहाटे मतलई वाऱ्यावर ते निघालेसुद्धा होते. मोबाइल आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. मधल्या समुद्रात माणसाला गाठायचं कसं? जयगडचा नंबर दिवसभर एंगेज. टीम लीड समोर उभं राहून तारखांचे रिझल्ट मागत होता आणि मी रिसीव्हर हातात धरून बसले होते.

संध्याकाळी जयगडच्या बाईंचाच फोन आला. "दोघं आहेत. एक आत झोपलेत, बरं नाही म्हणतात." डॉक्टर बोलवा, डॉक्टर बोलवा, एवढंच मी म्हणत राहिले. त्यांनी बोलावलाही. हर्णैच्या घरातले सगळे बाबांबरोबर जयगडला धावले. पण काका राहिले नाहीत. बोट हर्णैला पोचव, एवढं ते खलाशाला सांगून गेले होते. त्याने ती दुसऱ्या दिवशी एकट्याने पुढे काढली.

वर्षभराने मी दाभोळला गेले, मुद्दाम. खानावळीच्या मालकांनी मला आवाजावरून ओळखलं. "तुमचा फोन आला होता ना, बोट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले. मी त्या दिवशी फोन केलेला नव्हता. त्या दिवशी मी काकूंजवळ बसून होते. आणि त्यांच्या मते माझा फोन एकदाच आला, आधी कधीच नाही. धायरी फाट्याच्या बूथची पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर तीन आठवडे आधीची तारीख आहे. मशीनची तारीख चुकली असेल म्हणाल तर तेवढं तपासण्याची अक्कल मला आहे. तपासलं, बरोबर होती.

"मी नाव सांगत होतो, ताई," मालक म्हणाले. "ते दुसरे वानखडे म्हणून होते, ते गेले, असं. पण तुम्ही ठेवून दिलात."

तो फोन कसा लागला हे मला माहीत नाही, आणि आता ते शोधायची हौसही उरलेली नाही. मी अजून 'ते दुसरे' या दोन शब्दांपाशीच आहे. आणखी एक क्षण कानाला रिसीव्हर धरला असता तर नाव कळलं असतं.

बाबा आता खूप थकलेत. बोट हर्णैला ताडपत्रीखाली पडून आहे, तिच्यात ते कधी चढले नाहीत. कुणी विषय काढला तर म्हणतात, "पाळी माझी होती, त्यानं घेतली." एवढी वर्षं त्यांना यातलं काही सांगायचं धैर्य झालं नाही. पण हा अंक आमच्या घरी येतो आणि बाबा तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.